अकरावा तास म्हणजे किती वाजता?

नाताळच्या आधी माळा साफ करणं हा आमच्या घरातला भांडणाचा ठरलेला कार्यक्रम आहे. हे स्टुलावर चढणार, मी खाली स्टूल धरून उभी राहणार, आणि वरून एकेक वस्तू खाली येताना "हे कशाला ठेवलंय" आणि "असू दे" एवढ्या दोनच वाक्यांवर तासभर जाणार. २०२२ च्या डिसेंबरात असाच करंज्यांचा मोठा डबा शोधत होतो तर त्याच्यामागून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला, कडेनं गंजलेला, झाकण सुतळीनं बांधलेलं. यांनी कानाशी धरून हलवला तर आत खुळखुळ. म्हणाले, "अगं, लाटणं मोडलं तर टाकून द्यायचं ना, तुकडे कसले जपून ठेवतेस?"

ते लाटण्याचे तुकडे नव्हते, माझ्या आजोबांच्या चिपळ्या होत्या.

लाकूड काळं पडलेलं, आणि जिथे आजोबांचा अंगठा बसायचा तिथे एक गुळगुळीत खळगा, अजून तसाच. पितळेच्या चकत्या हिरवट झाल्या होत्या, एक तर खिळ्यावर नुसतीच लोंबकळत होती. खाली आजोबांची आख्यानाची वही, म्हणजे वहीचं जे काही वाळवीनं सोडलं होतं ते. मी स्टूल सोडून जमिनीवर बसले. वरून हे ओरडले, "अगं स्टूल धर!"

यांना लग्नाला ३६ वर्षं होऊनसुद्धा माहीत नव्हतं की मला एकेकाळी कीर्तनकार व्हायचं होतं. सांगितलंच नव्हतं मी. सांगण्यासारखं काय होतं त्यात.

*

आजोबा नगर जिल्ह्यातले. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय.) ज्ञानोबांच्या नेवाशाकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की कीर्तनकार. ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की अजूनही लोक दोनदा विचारतात, ऑफिसात तर मला हमखास विचारायचे, "तुमच्यात पण कीर्तन असतं?" असतं हो. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, आणि पुढे आपल्याच माणसांना कळलं की इंग्रजी चालीवरची गाणी खेड्यातल्या माणसाच्या कानात शिरतात पण पोटात उतरत नाहीत, त्याला पेटी-तबला पाहिजे, ओवी पाहिजे, साकी पाहिजे, दिंडी पाहिजे. मग पूर्वरंग (आधी अभंगाचं निरूपण) आणि उत्तररंग (मग गोष्टीचं आख्यान) तसेच राहिले, आख्यान बदललं. रेव्हरंड नारायण वामन टिळक, फुलांमुलांचे कवी, ज्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, ते म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आजोबांचं हे आवडतं वाक्य. ते स्वतः त्या पुलावरून रोज ये-जा करत असावेत असं मला वाटायचं, कारण पूर्वरंगाला तुकोबांचा अभंग घेतल्याशिवाय त्यांचं कीर्तन सुरूच होत नसे.

त्यांचं गाजलेलं आख्यान म्हणजे उधळा पुत्र. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो की रात्री अंगणात कंदील लावून व्हायचं. धाकटा मुलगा बापाकडून वाटा मागून घेतो, दूर देशी जाऊन उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची पाळी येते, शेंगांवर पोट भरावं असं वाटायला लागतं. दुष्काळ म्हटलं की अंगणातल्या बायका पुढे सरकायच्या, त्यांनी ७२ चा दुष्काळ नुकताच काढलेला होता, त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. आणि मग बाप लांबून मुलाला बघतो आणि धावत सुटतो, तिथे आजोबा खरोखर चार पावलं धावायचे, धोतराचा सोगा हातात धरून, आणि चिपळ्यांचा आवाज त्या पावलांच्या पुढे धावायचा.

१९७४ च्या मे महिन्यात त्यांना खोकला झाला म्हणून ते अर्ध्यात बसले आणि मला म्हणाले, "बये, तुला येतंय ना सगळं? मग ऊठ." मी १२ वर्षांची. उठले. बापाच्या धावण्यापासून पुढे मी केलं. काय केलं ते आठवत नाही, फक्त पायाखालची सारवलेली जमीन आठवते, आणि पेटीवाल्या काकांनी माझ्यासाठी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर, धरली ते.

त्या रात्रीपासून मला दुसरं काही व्हायचं नव्हतं.

*

मग काय झालं ते पटकन सांगते, कारण ते सगळ्यांच्याच घरी होतं. आम्ही ठाण्यात राहायचो, वडील वागळे इस्टेटला एका कारखान्यात. मी १७ वर्षांची असताना नाताळच्या कार्यक्रमात कीर्तन करते म्हणून नाव दिलं, तालमीला उभी राहिले, तर मंडळीतले एक ज्येष्ठ म्हणाले, मुलीच्या जातीनं चारचौघांत असे हातवारे करून नाचायचं, बरं दिसत नाही, हिला कॉयरमध्ये घ्या. कॉयरमध्ये मागच्या रांगेत उभी राहिले. त्यानंतर आजोबा गेले, चिपळ्या आणि वही माझ्याकडे आली, पाठोपाठ वडिलांच्या कारखान्याला टाळं लागलं आणि १९८४ मध्ये मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून चिकटले. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याचं एमटीएनएल झालं. त्याच वर्षी लग्न. कळव्याला घर. मुलगी. सासूबाईंचं आजारपण. झालं.

बरीच वर्षं मी १९७ वर होते. आताच्या पोरांना माहीत नसेल, १९७ लावलं की डिरेक्टरी एन्क्वायरी, नाव सांगा, एरिया सांगा, आम्ही नंबर देणार. आधी कागदांचे गठ्ठे, नंतर कॉम्प्युटर. कानाला हेडसेट, समोर पाण्याची बाटली, मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट अशा ड्युट्या. एका शिफ्टमध्ये किती माणसं माझा आवाज ऐकायची याचा हिशोब नाही आणि त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नव्हतं. वाईट नव्हती ती नोकरी, उगाच रडगाणं गाणार नाही, त्या नोकरीनं घर उभं केलं. पण कधीकधी नाईटला तीन वाजता लाइन शांत असायची तेव्हा टेबलावर बोटं आपोआप ठेका धरायची, आणि शेजारची म्हणायची, "काय गं, काय वाजवतेस?" मी म्हणायची, काही नाही, झोप उडवतेय.

आणि लोकल. कळव्याहून सकाळची स्लो, लेडीज डबा, त्यात भजन म्हणणाऱ्या बायकांचा एक ग्रुप असायचा. ठाणा यायच्या आधी गाडी खाडीच्या पुलावर चढली की आवाज घुमायचा, आणि त्या बायका बरोबर तिथेच तुकोबांचा अभंग उचलायच्या. मी खिडकीच्या गजावर डोकं टेकून ओठ हलवायची. आवाज काढत नव्हते. कित्येक वर्षं मी तो पूल असा, नुसते ओठ हलवत ओलांडला.

३१ जानेवारी २०२० ला हजारो लोकांनी एकदम व्हीआरएस घेतली त्यात मी पण होते. निरोप, नारळ, शाल. पुढच्या दोन महिन्यांत लॉकडाऊन. ३५ वर्षं बोलून बोलून झिजलेला घसा एकदम गप्प झाला आणि मला पहिल्यांदा कळलं की आपल्याला रिकामं बसता येत नाही. देवाशी माझं नातं तोपर्यंत रविवारपुरतं होतं, खरं सांगते. उपासना, प्रभुभोजन, महिला मंडळाची वर्गणी. लॉकडाऊनमध्ये पहाटे उठून बायबल वाचायला लागले ते भक्तीनं नव्हे, झोप येत नव्हती म्हणून. पण वाचत राहिले.

*

चिपळ्या सापडल्या त्यानंतर चारेक महिन्यांनी एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय घेतला. द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला. पहाटे मजूर ठरवतो, मग तिसऱ्या तासाला पुन्हा बाजारात जातो, मग सहाव्या, मग नवव्या, आणि शेवटी अकराव्या तासाला जातो तर तिथे अजून माणसं उभीच.

आता माझी एक गंमत सांगते. लहानपणापासून मला अकरावा तास म्हणजे सकाळचे अकरा वाटायचे. आपल्याकडे अकरा म्हणजे अकराच ना. आणि चित्र पण जुळायचं, कारण आमच्या इथल्या नाक्यावर मजूर सकाळी सातपासून उभे असतात, कुणाकडे थापी, कुणाकडे रंगाचा ब्रश डब्यात उभा केलेला, कुणी नुसतं घमेलं घेऊन, आणि साडेनऊ-दहापर्यंत मुकादम येऊन गेले की उरलेल्यांचा दिवस बुडाला. अकरा वाजता जो नाक्यावर असतो त्याला स्वतःला पण माहीत असतं की आता कोणी येणार नाही, तो फक्त घरी काय सांगायचं याचा विचार करत असतो. पाळकसाहेब म्हणाले, नाही, यहुदी दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजायचे, बारा तासांचा दिवस, म्हणजे अकरावा तास म्हणजे संध्याकाळचे पाच.

पाच! मी बाकावर सरळ झाले. पाच वाजता कुठला मालक नाक्यावर जातो? पाच वाजता तर हात धुवायला सुरुवात होते. मोशेच्या नियमशास्त्रात सांगितलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची, म्हणजे हा माणूस तासाभरात ज्यांना पैसे मोजून द्यावे लागणार त्यांना आता कामावर घेतोय. आणि विचारतो, दिवसभर इथे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही.

इथे मला रडू यायला हवं होतं, पण मला आला राग, स्वतःचा. कारण मला हे वाक्य म्हणता येत नव्हतं. मला कोणी कामाला लावलं नाही असं झालंच नव्हतं. त्या ज्येष्ठांवर सगळं ढकलून मी ४४ वर्षं सोयीनं बसले होते, पण त्यांच्यानंतर दुसरे पाळक आले होते, त्यांना कुठून तरी कळलं होतं, त्यांनी दोनदा विचारलं होतं, "ताई, तुम्ही आख्यान कराल का?" एकदा मी नाईट ड्युटी सांगितली, एकदा मुलीची परीक्षा. दोन्ही खरी होती, आणि दोन्हींच्या मागे मी लपले होते. ते मजूर निदान पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभे तरी होते. मी नाका सोडून घरी गेले होते आणि वर लोकांना सांगत होते की काम मिळत नाही. तसं कुणाला सांगत नव्हते म्हणा, मनातल्या मनात.

रिटायर झाल्यावर आमच्या ग्रुपवर एक वचन फार फिरतं, योएलच्या पुस्तकातलं, टोळांनी खाल्लेली वर्षं मी भरून देईन असं. गुलाबाच्या फोटोवर येतं. मला त्याचा थोडा कंटाळा आला होता, कारण पाठवणारे लगेच अब्राहाम ७५ चा होता, मोशे ८० चा होता, कालेब ८५ व्या वर्षी डोंगर मागत होता अशी यादी देतात. बरोबर आहे, लिहिलेलंच आहे, पण कालेबाच्या गुडघ्यांत वंगण होतं, माझ्या नाही. पण त्या दिवशी उपासना सुटल्यावर बाहेर चपला घालताना मी पाळकसाहेबांना, जे माझ्या मुलीच्या वयाचे आहेत, म्हटलं, "माझ्याकडे आजोबांच्या चिपळ्या आहेत." एवढंच. ते म्हणाले, "मावशी, मग नाताळात?" मी हो म्हटलं आणि रिक्षात बसल्यावर घाम फुटला.

*

वहीचं काय झालं होतं ते सांगायला हवं. वाळवीनं पहिली पानं सोडली होती, धाकट्या मुलाचं परत येणं जवळजवळ पूर्ण होतं, आजोबांचं ते टपोरं मास्तरी अक्षर, समासात "इथे धावणे" अशी सूचना सुद्धा. पण तिथून पुढे भुगा. म्हणजे थोरला भाऊ गेला होता. ज्यानं बापाचं घर कधी सोडलं नाही, शेतात राबला, आणि संध्याकाळी घरी येतो तर वाजंत्री, मेजवानी, म्हणून रुसून दारातच उभा राहतो, तो सगळा भाग. आणि मला तो एक ओळसुद्धा आठवेना. धावणारा बाप पाठ, रुसलेला भाऊ सपशेल पुसलेला. लहानपणी तो भाग आला की मी बहुतेक झोपत असणार.

म्हणजे तो मलाच लिहावा लागणार होता. मी नोकरीत ३५ वर्षं दुसऱ्यांचे नंबर सांगितलेली बाई, मी कुठली ओव्या लिहिते. इथे मला रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी हात दिला. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य अर्धवट होतं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, आणि ज्या आत्मचरित्रासाठी आज सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखतो ते तर साठी उलटल्यावर छापलं गेलं. बाई लिहू शकल्या, मग मी पण चार ओव्या पाडेन म्हटलं. कणीक मळताना, तलावपाळीला फेरी मारताना, जांभळी नाक्यावर भाजी घेताना तोंडात तेच. जुळली ती पहिली ओवी अशी:

रानातून थोरला आला दारी,
ऐकून वाजंत्री थबकला बाहेरी,
म्हणे, माझ्यापायी कधी या घरी
करडूही कापले नाही.

लिहिताना लक्षात आलं की या गोष्टीत बाप दोनदा घराबाहेर येतो, एकदा उधळ्यासाठी धावत, एकदा रुसलेल्यासाठी समजूत घालायला. आणि थोरला आत गेला की नाही ते शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतच नाही, गोष्ट दारातच थांबते. मी पण तिथेच थांबवायचं ठरवलं.

हे सगळं कागदावर छान चाललं होतं, पण आमच्या कॉयरमध्ये एक ताई आहेत, पेटी वाजवतात. ४० वर्षं. पावसाळा असो, घरात आजारपण असो, रविवारी पेटीवर त्या. नाताळच्या कार्यक्रमात मधला अर्धा तास दरवर्षी त्यांच्या गाण्यांचा असायचा आणि त्या वर्षी तो मला दिला गेला. त्या मला काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, आणि ते अर्थातच संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आलं: "आम्ही सकाळपासून उन्हात, आणि ही आत्ता पाचला आली." त्यांनी प्रवचन नीट ऐकलं होतं म्हणायचं! मला राग आला आणि लगेच ओशाळायला पण झालं, कारण त्यांचं चुकलं कुठे. दाखल्यातल्या मजुरांचं तरी कुठे चुकलं होतं? मालक म्हणतो, माझं औदार्य तुला खुपतं का. खुपणारच की. मी मालकाच्या बाजूनं कितीही विचार केला तरी त्या ताईंच्या बोटांचे सांधे मला दिसतात, थंडीत सुजलेले.

तालमीला त्या आल्या. पेटी उघडली, भात्याची खिट्टी काढली, माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठली पट्टी?" मी म्हटलं काळी चार. १९७४ पासून माझ्या डोक्यात तीच होती ना. त्यांनी दिली, मी लावली, आणि वरच्या सा ला आवाज फाटला, असा फाटला की हॉलमध्ये खुर्च्या लावणारी पोरं हसली. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. मी हट्टानं तिसऱ्यांदा घेणार होते. ताई काही न बोलता वाजवत राहिल्या.

*

२०२३ च्या नाताळच्या आठवड्यातला शनिवार. सत्तर-ऐंशी माणसं असतील, अर्धी चहाची वाट बघणारी. नऊवारी नेसून घामाघूम, मुलगी पुण्याहून आलेली, हे पहिल्या रांगेत मोबाइल आडवा धरून. मी नमनाला उभी राहिले, तोंड उघडायच्या आधी पेटीचा सूर आला आणि तो काळी चारचा नव्हता. पांढरी तीन. ताईंनी मला न विचारता पट्टी दोन स्वर खाली घेतली होती. मी मागे बघितलं तर त्या पेटीकडे बघत होत्या.

त्या सुरात मी अगदी सहज बसले. तुकोबांचा अभंग घेतला, मग आख्यान. दोन ठिकाणी विसरले, एका ठिकाणी धाकट्याऐवजी थोरल्यालाच डुकरं राखायला पाठवलं, लोक हसले, मी पण हसले आणि त्याला परत बोलावलं. धावण्याच्या जागी धावले, चार पावलं काही जमली नाहीत, दोन झाली. त्या दोनच पावलांत चिपळीची ती लोंबकळणारी चकती सुटली, टण्ण करून खाली पडली आणि बाकांखाली कुठेतरी घरंगळत गेली. उरलेल्या चकत्यांवर पुढचं केलं. थोरल्याच्या ओवीला मागून पेटी एकदम भरून आली. ती ओवी त्यांनी दोनदा वाजवली, मला पण दोनदा म्हणावी लागली.

नंतर झाडलोट करताना पोरांनी चकती शोधली, मिळाली नाही. मी म्हटलं जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी रविवारी उपासनेनंतर दान मोजायला बसलेले खजिनदार काका बाहेर आले, चश्मा कपाळावर, चिमटीत काहीतरी धरलेलं. "अहो, पिशवीत हे कुणी टाकलं? दहाच्या नाण्यांत मोजलं मी, दोनदा हिशोब चुकला!" मी हात पुढे केला. माझ्या मागे ताई पेटीवर कापड घालत होत्या.

"आधी खिळा बदल त्याचा," त्या म्हणाल्या. "आणि ईस्टरला पांढरी तीनच धरायची, काळी चारचा हट्ट नको."